एकही लाटी कमी नव्हती

गेल्या सोमवारी सकाळी समोरच्या ओट्यावर पीठ कुटण्याचा आवाज सुरू झाला आणि चहा गाळता गाळता माझा हात थांबला. उडदाचं पीठ कुटताना एक जड, ओला आवाज येतो. तेल लावलेल्या गोळ्यावर बत्ता पडतो, पीठ त्याला चिकटून जरा वर येतं, मग सुटतं. जळगावात उन्हाळा तापायला लागला की गल्लीगल्लीत हा आवाज असतो. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, कोणाचं तरी बांधकाम निघालंय. आमच्या बायका दिवसभर उन्हाला शिव्या घालतात आणि त्याच उन्हाच्या भरवशावर वर्षभराचे पापड, बिबडे, कुरडया करून ठेवतात. जिथे चव्वेचाळीस अंशांत माणसं वाळतात, तिथे पापडाचं काय घेऊन बसलात.

पूर्वी हा आवाज ऐकला की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. आता मी खिडकी लावून घेते. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत माझी मुलगी धनश्री, आमची एकुलती एक धनू, आमच्या हातातून निसटत चालली होती. अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, सतरावं लागलेलं. ती जगते की जाते असं ते सगळं होतं, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. पत्ता नव्हता इथवर ठीक म्हणता आलं असतं. आम्ही तिचं कौतुक करत होतो. मी सगळ्यांत पुढे. हे लिहिताना लाज वाटते, पण लाजेपायी गप्प बसायची माझी हौस आता फिटली आहे.

आधीची धनू सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आधीची धनू म्हणजे कटकट होती. वेणी घालताना भांडण, डब्यात गिलक्याची भाजी दिली म्हणून भांडण, टीव्हीच्या रिमोटवरून बापाशी भांडण. कॉलेजातून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि ही ओट्याला टेकून त्या दिवसाची इत्थंभूत हकीगत सांगणार. कोण कोणाला काय म्हणालं, मग ती काय म्हणाली, मग सगळे कसे हसले. मी जिल्हा परिषदेत कारकून आहे. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी आलं की कानांना विश्रांती हवी असते. "धनू, पाच मिनिटं गप्प बसशील का गं बाई," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं असेन की भिंतींनाही पाठ झालं असेल. मागितलेलं असं मिळतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि ती लाट्यांची चोर होती. उडदाचं पीठ कुटून झालं की त्याच्या लांब वळ्या करतात आणि दोऱ्याने कापून लहान लहान लाट्या पाडतात. एकेक लाटी म्हणजे एकेक पापड. ही कच्ची लाटी तेलात बुडवून खाल्ली की हिंग, मिरं आणि उडीद असं काही तोंडात पसरतं की पापडाची चव त्यापुढे काहीच नाही. आमच्या गल्लीच्या पापडांच्या कारभारी म्हणजे शेजारच्या लीलाअक्का. साठी ओलांडलेल्या, आवाज असा की रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशीच थांबावा. अक्का लाट्या मोजून परातीत झाकून ठेवायच्या आणि दर वर्षी पंधरा-वीस कमी भरायच्या. मग हातात लाटणं घेऊन अक्का धनूच्या मागे आणि धनू तोंड भरलेलं, हनुवटीवरून तेल ओघळतंय, जिन्याने वर. "तुन्हं पोट दुखी, भवाने," अक्का खालून ओरडायच्या. पोट कधी दुखलं नाही. त्या वयात दगड पचतात.

त्या वर्षी आमच्या घरचे पापड होते. गल्लीतल्या सात-आठ बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आल्या होत्या. अक्कांनी लाट्या मोजल्या. परत मोजल्या. मग झाकण बाजूला ठेवून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बठ्ठ्या शेतस. एक बी लाटी कमी नही. आवंदा तुन्ही पोर शहानी व्हयनी, माय."

सगळ्या हसल्या. माझा ऊर भरून आला. धनू कोपऱ्यात मान खाली घालून पापड लाटत होती, एकसारखे, कडा पातळ. पूर्वी दोन पापड लाटून लाटणं टाकून पळणारी पोर त्या दिवशी सकाळपासून जागची हलली नव्हती. मी रात्रीच्या जेवणाला बसताना तिला म्हटलं, "आज अक्कांनी तुझं नाव काढलं हं सगळ्यांत." ती म्हणाली, "हं." मला वाटलं, लाजली.

त्या उन्हाळ्यात तिचं सगळं बोलणं त्या "हं"मध्ये मावत होतं. आता आठवायला बसलं की एकेक गोष्ट वर येते. आम्ही पहाटे पापडासाठी उठायचो तर ती आधीच उठून पलंगाच्या कडेला बसलेली असायची. एरवी तिला उठवायचं म्हणजे पंखा बंद करावा लागायचा. मी म्हटलं, वळण लागलं. तिने मोबाइल कपाटात ठेवून दिला. तिचे पप्पा तर इतके खूश झाले की ऑफिसात चार जणांना सांगून आले. तोच तो निळा कुर्ता धुऊन धुऊन घालायची, नवीन काही मागेना. मी म्हटलं, साधी राहणी आवडायला लागली. जमवलेले सगळे कानातले डूल तिने एके दिवशी अक्कांच्या नातीला देऊन टाकले, डबीसकट. दोन वर्षं ती डबी कोणाला हात लावू देत नव्हती. अक्का म्हणाल्या, मोठं मन शे पोरीनं. मीही तेच म्हटलं. जेवायला वाढलं तेवढं खायची, न वाढलं तर मागायची नाही. गिलक्याची भाजीसुद्धा खायची. गिलक्याची भाजी, आणि मला शंका येऊ नये.

आमच्याकडे चांगल्या मुलीचं एक माप आहे. कमी बोलावं, कमी मागावं, घरात राहावं, ताटात पडेल ते खावं, उलट उत्तर देऊ नये. धनूचा आजार त्या मापात अगदी बरोबर बसला. ती किंचाळली असती, ताटं आपटली असती, तर आम्ही धावलो असतो. ती आतून विझत होती आणि बाहेरून आम्हाला हवी तशी होत होती. गल्लीतल्या बाया आपापल्या मुलींना तिचं उदाहरण द्यायच्या. बघ ती धनू कशी आहे, आणि तू.

उडदाचे पापड झाले की बिबडे सुरू होतात. ज्वारी भिजवायची, भरडायची, तिखट, तीळ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर गोल गोल थापायची. ते गच्चीवर वाळत घालतात. मग राखण आली. कावळे येतात, चिमण्या येतात, कुठून तरी माकडं येतात. राखण हे पोरांचं काम, आणि सगळ्या पोरांचं नावडतं. आमच्या लहानपणीही त्यासाठी भांडणं व्हायची. त्या वर्षी धनू स्वतःहून म्हणाली, "मी बसते वर." दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. आमची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी, वर झाडाची सावली नाही, त्यामुळे बघता बघता सगळ्या घरांचे बिबडे आमच्याच गच्चीवर यायला लागले आणि त्यांच्या मधोमध हातात काठी घेऊन माझी मुलगी. सकाळी नऊला वर जायची ती चार वाजता खाली यायची. दहा मिनिटं एकटी न बसू शकणारी पोर दिवसच्या दिवस तिथे एकटी बसत होती आणि खाली आम्ही म्हणत होतो, किती कामाची आहे.

मधे आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटे नाना, माझे वडील. आयुष्यभर एसटी चालवली, त्यामुळे खुर्चीत बसले तरी समोरच्या रस्त्यावर नजर. नाना आणि धनू यांचं एक ठरलेलं भांडण होतं. धुळं चांगलं की जळगाव. पाणी कुठलं गोड, केळी कुठली, शेवभाजी कुठली. धनू लहान असताना या भांडणात रडून लाल व्हायची, मोठी झाल्यावर मुद्दे काढून भांडायची. नाना हरायला आलेत असं वाटलं की मुद्दाम काही तरी खवट बोलून तिला पुन्हा पेटवायचे. मला दोघांचा राग यायचा, कारण जेवणं निवायची.

त्या आखाजीला जेवताना नानांनी काडी टाकली. "तुमन्या जळगावनी शेवभाजी म्हंजे काय, नुसतं तिखट पानी."

धनूने ताटातून वर बघितलं. "हो नाना," म्हणाली, आणि घास घेतला.

नानांचा हात ताटातच राहिला. दुपारी अंगणात शेजारच्या मुली झोक्यावर चढून गाणी म्हणत होत्या, धनूला हाका मारत होत्या. ती उंबऱ्यात बसून त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे तिचं तोंड त्यांच्याकडे होतं. नानांनी मला मागच्या दारी बोलावलं.

"पोर भांडनी नही," ते म्हणाले.

"मोठी व्हयनी ती आते, नाना."

"मोठी व्हयनी म्हनीसन भांडनं सोडतस का? तू सोडं का?"

मला राग आला. सहा महिन्यांनी माहेरी यावं आणि बापाने आपल्या पोरीत खोट काढावी. मी म्हटलं, नाना, तुम्हाला काय कळतं आजच्या पोरींचं. सगळं जळगाव तिचं नाव काढतंय आणि तुम्हाला ती भांडत नाही याचं दुःख. नानांनी मान हलवली आणि आत गेले. परत निघताना बसच्या खिडकीशी उभे राहून ते धनूकडे इतका वेळ बघत राहिले की कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी डोकं दुखतंय म्हणून ऑफिसातून लवकर आले. पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर गेले. एरवी राखणीला बसलेलं पोर टाकीच्या सावलीत बसतं. सावली होती, तिच्यापासून चार हातांवर. धनू उन्हात बसली होती. अनवाणी, पाय पसरून, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर. मी तिच्या पायांकडे बघितलं. तळव्यांवर फोड आले होते, काही फुटलेले. माझ्या चपलेतूनसुद्धा मला चटका कळत होता.

"अगं, सावलीत का नाही बसलीस? ऊन लागत नाही तुला?"

ती जरा वेळ विचार करत राहिली. खरंच विचार करत होती. मग म्हणाली, "सावली सरकली. मग उठायचं राहून गेलं."

मी काय केलं, सांगते. मी तिला फाडफाड बोलले. एवढी मोठी घोडी झालीस, अक्कल नाही का, उद्या लोक म्हणतील आई पापडापायी पोरीला उन्हात जाळते. लोक काय म्हणतील हे मला आधी सुचलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सॉरी आई." धनूने आयुष्यात मला कधी सॉरी म्हटलं नव्हतं. मी कोरफडीचा गर काढून तिच्या तळव्यांना लावला. ती हूं की चूं करेना.

संध्याकाळी मी तिचा मोबाइल काढून बघितला. मनात म्हटलं, पोरगा असणार कोणी तरी. काहीच नव्हतं. मैत्रिणींचे मेसेज होते, कुठे आहेस, का बोलत नाहीस, काय झालं. तिने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. आता वाटतं, एखादा पोरगा सापडला असता तर बरं झालं असतं. निदान भांडायला काही मिळालं असतं. मी नानांना फोन केला, उगाच, इकडचं तिकडचं बोलत, आणि मधेच पायांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास नाना दारात उभे. खांद्यावर पिशवी, हातात छत्री.

नाना चहा घेऊन थेट गच्चीवर गेले. छत्री उघडली, तिच्या शेजारी बसले आणि छत्री दोघांवर धरली. त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी रजा टाकली होती, मधून मधून जिन्यात जाऊन कान द्यायची. कधी नाना कावळ्याला हाकलायचे, कधी खोकायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी धनू बोलली. नानांनी खाली येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली होती, "नाना, हे बिबडे वाळेपर्यंत मला वर यावं लागतं. म्हणून मी उठते सकाळी. हे संपले की माझं काही काम राहत नाही."

गल्लीतले शेवटचे बिबडे पुढच्या रविवारी व्हायचे होते.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काम नसेल तर बारावीचा अभ्यास करेल. नानांनी माझ्या हातातली कढई काढून खाली ठेवली आणि मला पाटावर बसवलं. मग ते सुमनताईबद्दल बोलले.

सुमनताई माझी थोरली बहीण. मी आठ वर्षांची असताना ती गेली. तिलाही सतरावंच होतं. आम्हाला सांगितलं होतं की ताप मेंदूत गेला. धुळ्याच्या घरात तिचा फोटो आहे, दोन वेण्या, मान किंचित खाली. माझं सगळं लहानपण त्या फोटोखाली गेलं. सुमन कशी होती, कधी वर मान करून बोलली नाही, कधी काही मागितलं नाही. आणि तू बघ. मी भांडले की आई त्या फोटोकडे बोट दाखवायची. मला तिचा राग यायचा, मेलेल्या बहिणीचा.

"तिले ताप नव्हता," नाना म्हणाले.

पंखा चालू होता. कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही.

"ती बी अशीच शहानी व्हई गयथी, आखरी आखरी. भांडे नही, मांगे नही. आम्ही बठ्ठासनी कवतिक करं. तुन्ही माय सगळास्ले सांगे, मन्ही सुमन सुधारनी. माले दिसनं नही तवय." नानांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आते दिसस. तू इले डॉक्टरकडे लई जाय. आजच."

मी नानांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. पस्तीस वर्षं ते हे मनातच वागवत होते आणि आम्ही त्यांच्यासमोर त्या फोटोला हार घालत होतो. मला नानांची दया आली आणि त्याच क्षणी रागही आला. मला का सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर अक्कांनी लाट्या मोजल्या तेव्हाच मी ओळखलं असतं. असं मला वाटतं. खरं तर मी तेव्हाही ऊर भरून घेतला असता.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. मी, धनू आणि तिचे पप्पा असे आम्ही तिघं समोर बसलो, नाना बाहेर बाकावर. त्यांनी धनूशी आधी थोडा वेळ वेगळं बोलून घेतलं होतं, मग आम्हाला विचारत होत्या. झोप, जेवण, मैत्रिणी. मग म्हणाल्या, "हिला आधी काय खूप आवडायचं, जे आता नको असतं?" मी म्हटलं, "भांडायला." त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग मी लाट्यांचं सांगितलं, तेही लिहिलं. हे पहिल्यापासून एकच विचारत होते, "पण आम्ही काय कमी केलं हिला? कारण काय?" बाई म्हणाल्या, कारण असेल किंवा नसेल, ते शोधत बसाल तर औषध राहून जाईल. हा आजार आहे, नैराश्य म्हणतात त्याला. ही सारखी रडत असती तर तुम्ही केव्हाच आणली असती. सगळी मुलं रडत नाहीत, काही नुसती शांत होतात. गोळ्या लागू पडायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर तिला एकटी सोडायची नाही, एक मिनिटही नाही.

रिक्षात बसल्यावर मी यांना म्हटलं, कोणाला बोलायचं नाही हं. गल्लीत कळलं तर वेड्यांच्या डॉक्टरकडे जातात म्हणतील, उद्या लग्नाला अडचण. पुढच्या सीटवर रिक्षावाल्याशेजारी नाना बसले होते. त्यांनी मागे वळून बघितलं, फक्त बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर सुमनताईचा फोटो आला. रिक्षातून उतरले ती सरळ लीलाअक्कांच्या घरात गेले आणि सगळं सांगून टाकलं. लाट्या, पाय, रविवार. सांगताना मला हुंदके आवरेनात.

अक्कांनी सगळं ऐकलं. त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मग म्हणाल्या, "मी म्हन्तं तिले शहानी. मीच म्हन्तं." आणि जरा वेळाने, "रविवारनं रविवारले देखू. उद्या अजून पाच किलो ज्वारी भिजाडतू. कोनले सांगू नको, मी सांगस बायास्ले."

त्या वर्षी आमच्या गल्लीत मृगाचे ढग आले तरी बिबडे होत राहिले. कोणालाच नको होते. डबे भरले होते, माळ्यावर जागा नव्हती. पण रोज सकाळी कोणाच्या तरी घरी पातेलं चढायचं, कोणी तरी कापड पसरायचं, आणि अक्का खालून धनूला हाक मारायच्या, "ये माय, राखाले कोन बसी?" तिच्याबरोबर दर दोन तासांनी एक बाई वर जायची. कोणी तांदूळ निवडायची, कोणी स्वेटर विणत बसायची, मे महिन्यात स्वेटर. नाना छत्री धरून असायचेच. वर सतत कोणी तरी असायचं. ढग आले तेव्हा अर्धे बिबडे वाळलेच नाहीत, बुरशी धरली, टाकून द्यावे लागले. ज्या बाया एरवी एक कण वाया घालवत नाहीत त्यांनी ते घमेल्यात भरून म्हशीला घातले आणि पुढची ज्वारी भिजत घातली. या बायांना मी किती वेळा चहाडखोर म्हटलं होतं. अजूनही आहेत चहाडखोर. पण माझी पोर त्यांनी तीन आठवडे धरून ठेवली.

ती एकदम बरी झाली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. गोळ्या बदलाव्या लागल्या, बारावीचं वर्ष गेलं, एकदा दिवाळीत सगळं पुन्हा पहिल्यासारखं काळं झालं. हळूहळू ती बोलायला लागली. पण पूर्वीची ती कटकट परत आली नाही. आता ती बोलते ते तोलून बोलते. मी स्वयंपाकघरात उभी असते, कान मोकळे असतात, आणि मला त्या चपला फेकणाऱ्या पोरीची आठवण येऊन रडू येतं. तिला मी पाच मिनिटं गप्प बस म्हणायची.

आता ती धुळ्याला शिकते, होस्टेलला राहते. गोळ्या डॉक्टरांनीच गेल्या वर्षी थांबवल्या. नाना गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. त्यांच्या दहाव्याला धनूने मला एवढंच विचारलं, "आई, आता मला कोण ओळखेल?" मी तिला जवळ घेतलं. मी एकदा चुकलेली बाई. होस्टेलमधली धनू, नव्वद किलोमीटरवरची, फोनवर "बरी आहे" म्हणणारी. मी तिच्या "बरी आहे"मध्ये कान घालून बसते. एखादा शब्द खाली गेला की माझी झोप जाते. मैत्रिणींशी बोलतेस का, काय खाल्लंस, कोणाशी भांडलीस का. ती चिडते, आणि ती चिडली की मला तेवढंच बरं वाटतं.

काल मी ऑफिसात होते. साडेअकराला फोन वाजला. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही.

"आई, मला बरं वाटत नाहीये." थोडी थांबली. "ताप वगैरे नाही. तेव्हासारखं."

मी साहेबांना न विचारताच निघाले. धुळ्याची बस लागलेलीच होती. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीतून तापलेली हवा तोंडावर येत होती, रस्त्याकडेची शेतं उलथून पडलेली, रिकामी. देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मनात एकच हिशोब चालू होता. किती दिवस झाले असतील. मागच्या वेळी आम्हाला कळायला दोन महिने गेले होते. गेल्या रविवारी बोललो तेव्हा होतं का. होळीला आली होती तेव्हा होतं का. मला पुन्हा दिसलं नाही का. पारोळ्यानंतर शेजारची बाई म्हणाली, ताई, पाणी घ्या.

धनू स्टँडवर उभी होती. केस विंचरलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं. पायात चपला होत्या, ते मी आधी बघितलं. मी तिचे दोन्ही हात धरले. विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं.

"कधीपासून, धनू?"

"परवापासून," ती म्हणाली.